फेज नॉइज कसा मोजायचा: पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा फेज नॉइज मोजला तो १० मेगाहर्ट्झच्या एका ओव्हन क्रिस्टल ऑसिलेटरचा (क्रिस्टल एका तापवलेल्या छोट्या पेटीत असतो). १ किलोहर्ट्झ ऑफसेटला आकडा आला −११० डीबीसी प्रति हर्ट्झच्या आसपास (या शब्दांचे अर्थ खाली येतात). डेटाशीटवर छापलं होतं −१५०. ऑसिलेटर बिघडलाय असं धरून मी दुसरा लावला, आलेख तोच. तिसरा, वेगळ्याच बनावटीचा लावला, तरी आलेख तोच. मधला एक छोटा उंचवटासुद्धा जागच्या जागी. तेव्हा कुठे कळलं की दोन दिवस मी ऑसिलेटर मोजतच नव्हतो. स्क्रीनवर दिसत होता तो अ‍ॅनालायझरच्या आतल्या लोकल ऑसिलेटरचा, म्हणजे आलेल्या सिग्नलशी मिसळायला यंत्र स्वतः बनवतं त्या लहरीचा, नॉइज.

या मोजमापातली बहुतेक गोची इथेच आहे. पुढची प्रत्येक पायरी वाचताना आणि करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: समोर दिसणारा नॉइज नक्की कोणाचा? सोर्सचा, म्हणजे मोजायच्या ऑसिलेटरचा, की मोजणाऱ्या यंत्राचा?

आधी व्याख्या, थोडक्यात. आदर्श ऑसिलेटरची साइन लहर ठरल्या क्षणी शून्य ओलांडते. खऱ्या ऑसिलेटरची लहर कधी किंचित आधी ओलांडते, कधी किंचित उशिरा. फेजमधली ही थरथर स्पेक्ट्रमवर कॅरिअरच्या, म्हणजे मूळ लहरीच्या, दोन्ही बाजूंना घेर बनून दिसते. कॅरिअरपासूनच्या अंतराला ऑफसेट म्हणतात. त्या ऑफसेटला, एका बाजूच्या १ हर्ट्झ रुंदीच्या पट्टीतली नॉइज पॉवर कॅरिअरपेक्षा किती डेसिबल खाली आहे, तो आकडा डीबीसी प्रति हर्ट्झमध्ये सांगतात. आयईईई ११३९ हे मानक जास्त काटेकोर आहे: फेजच्या चढउतारांची स्पेक्ट्रल घनता काढा आणि तिचा निम्मा भाग घ्या. या व्याख्येत फक्त फेज आहे, अ‍ॅम्प्लिट्यूड नाही. हा फरक पुढे कामाला येईल.

काय काय लागेल

- मोजायचा सोर्स आणि त्याची डेटाशीट
- स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, शक्यतो नॉइज मार्कर असलेला
- तितकाच किंवा जास्त चांगला, व्होल्टेजनं फ्रिक्वेन्सी किंचित हलवता येणारा दुसरा सोर्स
- डबल बॅलन्स्ड मिक्सर (दोन लहरींचा गुणाकार करणारा), लो-पास फिल्टर, कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर
- एफएफटी (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत सोडवणारा) अ‍ॅनालायझर किंवा चांगलं ऑडिओ साउंड कार्ड
- ऑसिलोस्कोप
- काही अ‍ॅटेन्युएटर, चांगल्या केबल, आणि कनेक्टर ठरलेल्या जोरानं घट्ट करणारा टॉर्क पाना
- बॅटरी किंवा अगदी कमी नॉइजचा लिनिअर पॉवर सप्लाय

तुमच्याकडे कीसाइटचा ई५०५२बी किंवा रोडे अँड श्वार्ट्झचा एफएसडब्ल्यूपी यांसारखा सिग्नल सोर्स अ‍ॅनालायझर असेल, तर यातलं बरंच त्याच्या पोटात आहे. तरीही पाचवी पायरी वगळू नका. बटण दाबल्यावर आत काय घडतं हे माहीत नसेल, तर चुकीचा आलेखही बरोबर वाटतो.

१. मोजण्याआधी अपेक्षित आकडे कागदावर लिहा

कॅरिअर किती, पॉवर किती, कुठल्या ऑफसेटपासून कुठल्या ऑफसेटपर्यंत मोजायचं, आणि प्रत्येक दशकाला, म्हणजे १० हर्ट्झ, १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ असं पुढे, डेटाशीट काय म्हणते. हा कागद मोजमाप संपेपर्यंत टेबलावर राहू द्या.

दोन सोर्सची तुलना करायची तर आधी त्यांना एकाच कॅरिअरवर आणा. फ्रिक्वेन्सी एन पटीनं वाढवली की फेज नॉइज २० लॉग एन डेसिबलनं वाढतो. १० मेगाहर्ट्झवर −१५० असलेला ऑसिलेटर आदर्श गुणकानं १ गिगाहर्ट्झवर नेला, तर ४० डेसिबल वाढून −११० होतो. म्हणून १ गिगाहर्ट्झच्या सिंथेसायझरचा −११० पाहून नाक मुरडू नका. त्याच्या कॅरिअरच्या मानानं तो चांगला असू शकतो.

खालची मर्यादाही लिहून ठेवा. खोलीच्या तापमानाला औष्णिक नॉइज −१७४ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ असतो. त्यातला निम्मा फेजमध्ये जातो, निम्मा अ‍ॅम्प्लिट्यूडमध्ये. म्हणजे ० डीबीएम कॅरिअरसाठी फेज नॉइजचा तळ −१७७ डीबीसी प्रति हर्ट्झ, आणि +१० डीबीएमसाठी −१८७. साध्या सोर्सचा आकडा याच्याखाली दिसला, तर आनंद मानण्याआधी जोडणी तपासा.

२. सोर्स आणि टेबल शांत करा

ओव्हन ऑसिलेटर सुरू केल्या केल्या मोजू नका. निदान काही तास तापू द्या, रात्रभर चालू ठेवलात तर उत्तम. पॉवर सप्लायचा नॉइज ट्यूनिंगच्या पिनवरून थेट फ्रिक्वेन्सीत उतरतो. व्होल्टेजनं चालणाऱ्या ऑसिलेटरची संवेदनशीलता १० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट असेल, तर सप्लायवरचा एक मायक्रोव्होल्ट कॅरिअरला १० हर्ट्झ हलवतो. म्हणून पहिलं मोजमाप बॅटरीवर करा आणि मग सप्लाय लावून फरक बघा.

क्रिस्टल धक्क्याला हळवा असतो. यंत्राचा पंखा आणि ऑसिलेटर एकाच टेबलावर असतील, तर पंख्याचा वेग आलेखात टोकदार रेघ होऊन उमटतो. ऑसिलेटर जाड फोमच्या तुकड्यावर ठेवा आणि केबल टेबलाला चिकटपट्टीनं बांधा. त्याआधी एक छोटा प्रयोग करा: मोजमाप चालू असताना टेबलावर बोटानं हलकेच टकटक करा. आलेख उसळला, तर खोलीतला प्रत्येक आवाज तुमच्या मोजमापात शिरतोय.

३. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरनं पहिला अंदाज घ्या

ही सगळ्यात सोपी पद्धत. कॅरिअर मधे आणा, त्याची पातळी नोंदवा, हव्या ऑफसेटला मार्कर न्या, नॉइजची पातळी वाचा. नुसती वजाबाकी मात्र पुरत नाही, दुरुस्त्या कराव्या लागतात.

समजा कॅरिअर ० डीबीएम आहे. १० किलोहर्ट्झ ऑफसेटला, १ किलोहर्ट्झ रिझोल्यूशन बँडविड्थ (यंत्र एका वेळी जेवढी पट्टी मोजतं ती) ठेवून, मार्कर −९२ डीबीएम दाखवतो. आपल्याला हवी १ हर्ट्झची पट्टी, म्हणून १० लॉग १००० म्हणजे ३० डेसिबल वजा: −१२२. ट्रेस लॉग स्केलवर सरासरी केलेला असेल, तर नॉइज खऱ्यापेक्षा सुमारे २.५ डेसिबल कमी दिसतो, ते परत मिळवा. फिल्टरची नॉइज बँडविड्थ नावाच्या बँडविड्थपेक्षा थोडी रुंद असते, त्यासाठी साधारण ०.२ ते ०.५ डेसिबल वजा करा. उत्तर −१२० च्या आसपास येतं. नॉइज मार्कर हे सगळं स्वतः करतो. मात्र तो वापरून वर पुन्हा हातानं दुरुस्ती करणारे लोक मी पाहिलेत. तसं केलंत की आकडा सरळ ३० डेसिबलनं चुकतो.

या पद्धतीच्या तीन मर्यादा आहेत. अ‍ॅनालायझरला फेज नॉइज आणि अ‍ॅम्प्लिट्यूड नॉइज वेगळे ओळखता येत नाहीत, तो दोघांची बेरीज दाखवतो. कॅरिअर हळूहळू सरकत असेल, तर जवळच्या ऑफसेटचं वाचन निरर्थक ठरतं. आणि तिसरी, सगळ्यात मोठी, म्हणजे त्याचा स्वतःचा लोकल ऑसिलेटर.

४. यंत्राचा तळ तपासा

दोन चाचण्या आहेत, दोन्ही करा. इनपुट काढून ५० ओहमचं टर्मिनेशन लावा आणि ट्रेस बघा. हा यंत्राचा सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला नॉइज, दूरच्या ऑफसेटसाठी महत्त्वाचा. पण कॅरिअरच नसल्यामुळे या चाचणीत लोकल ऑसिलेटरचा फेज नॉइज दिसत नाही, आणि नवखे नेमके इथेच फसतात. त्यासाठी तुमच्याकडचा सगळ्यात स्वच्छ सोर्स त्याच फ्रिक्वेन्सीला, त्याच पातळीला लावून तोच आलेख काढा. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, तर तुम्ही यंत्र मोजताय.

यंत्राचा तळ सोर्सपेक्षा १० डेसिबल खाली असेल, तर चूक ०.४ डेसिबलच्या आसपास राहते, चालून जाते. दोन्ही सारखे असतील तर वाचन ३ डेसिबलनं वर येतं. तळ सोर्सच्याही वर असेल, तर या पद्धतीनं तुम्हाला सोर्सबद्दल एवढंच कळतं, की तो याहून चांगला आहे. मग पुढच्या पायरीवर या.

५. फेज डिटेक्टरची पद्धत

इथे कॅरिअरच काढून टाकतात, आणि म्हणूनच ही पद्धत इतकी प्रभावी आहे. मोजायचा सोर्स मिक्सरच्या एका पोर्टला, त्याच फ्रिक्वेन्सीचा संदर्भ सोर्स दुसऱ्या पोर्टला. दोघांत ९० अंशांचा फरक ठेवला की मिक्सरच्या आउटपुटचं सरासरी व्होल्टेज शून्य होतं, आणि उरतं ते फेजच्या फरकाच्या प्रमाणातलं बारीक व्होल्टेज. मागच्या लो-पास फिल्टरनं दुप्पट फ्रिक्वेन्सी अडवली की मोठा कॅरिअर वाटेतून बाजूला होतो. मग ते बारीक व्होल्टेज ४०-६० डेसिबल वाढवून एफएफटीला देता येतं. अ‍ॅम्प्लिट्यूड नॉइजही या स्थितीत बराचसा दबतो.

*कॅलिब्रेशन.* फेजच्या एका रेडियनला मिक्सर किती व्होल्ट देतो हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका सोर्सची फ्रिक्वेन्सी थोडी हलवा, समजा १० किलोहर्ट्झनं, म्हणजे आउटपुटला १० किलोहर्ट्झची बीट लहर येईल. ती ऑसिलोस्कोपवर बघा. लहर शुद्ध साइन असेल, तर शून्य ओलांडतानाचा तिचा उतार तिच्या शिखराच्या उंचीएवढाच असतो. शिखर ०.४ व्होल्ट, तर संवेदनशीलता ०.४ व्होल्ट प्रति रेडियन. पण दोन्ही पोर्टना भरपूर पॉवर दिलेली असेल, तर लहरीच्या बाजू सरळ होतात आणि ती त्रिकोणाकडे किंवा सपाट माथ्याच्या आकाराकडे झुकते. तेव्हा शिखर वाचू नका. शून्याजवळचा उतारच प्रत्यक्ष मोजा. आणि बीट पाहताना ज्या पातळ्या होत्या त्याच मोजताना ठेवा. मधे अ‍ॅटेन्युएटर बदललात की कॅलिब्रेशन बाद.

*लॉक करणं.* दोन स्वतंत्र सोर्स आपणहून ९० अंशांवर थांबत नाहीत. मिक्सरचंच आउटपुट लूप फिल्टरमधून संदर्भ सोर्सच्या ट्यूनिंगला देऊन फेज लॉक लूप बनवावा लागतो. लॉक होताना मिक्सरच्या आउटपुटला लावलेल्या मीटरकडे बघण्यासारखं असतं: बीट आधी जोरात हेलकावते, मग हळूहळू मंदावते, शेवटी सुई शून्याच्या दोन्ही बाजूंना एकदोनदा झुलून स्थिर होते. ती शून्यापासून दूर स्थिरावली, तर फेज ९० अंशांवर नाही. १० अंशांच्या चुकीनं संवेदनशीलता फक्त ०.१३ डेसिबलनं घटते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. खरं नुकसान दुसरीकडे होतं: अ‍ॅम्प्लिट्यूड नॉइज आत गळायला लागतो.

लूपचा एक सापळा फार देखणा आहे. लूपच्या बँडविड्थच्या आत संदर्भ सोर्स मोजायच्या सोर्सच्या मागोमाग चालतो, त्यामुळे तिथला नॉइज पुसला जातो. १०० हर्ट्झचा लूप ठेवून १० हर्ट्झचा आकडा वाचलात, तर तो सुंदर दिसेल आणि खोटा असेल. फेज नॉइजचा आलेख कॅरिअरकडे जाताना चढायला हवा. तो खाली वाकताना दिसला की आधी लूपकडे बघा. लूप सगळ्यात कमी ऑफसेटच्या बराच खाली ठेवा, नाहीतर लूपचा प्रतिसाद मोजून दुरुस्ती करा.

दुसरा सापळा म्हणजे दोन ऑसिलेटर मिक्सरमधून एकमेकांशी बोलतात. फ्रिक्वेन्सी फार जवळ आल्या की गळणाऱ्या सिग्नलमुळे ते आपोआप एकमेकांना धरून ठेवतात. मग लूप काढला तरी लॉक सुटत नाही! दोन्ही वाटांवर आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर लावा. अ‍ॅटेन्युएटरनंही फायदा होतो, पण त्यानं पातळी घटते.

*गणित.* एक उदाहरण पूर्ण करू. ४० डेसिबल अ‍ॅम्प्लिफायरनंतर एफएफटीवर १ किलोहर्ट्झला −१०० डीबीव्ही (१ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ दिसतात. अ‍ॅम्प्लिफायर वजा केला: −१४०. संवेदनशीलता ०.४, तिचा २० लॉग म्हणजे −८. त्यानं भागायचं, म्हणजे ८ मिळवायचे: −१३२. हे झाले फेजचे एकूण चढउतार. व्याख्येप्रमाणे निम्मे घ्या, ३ वजा: −१३५ डीबीसी प्रति हर्ट्झ. हा दोन्ही सोर्सचा मिळून आकडा आहे. दोन्ही एकाच जातीचे असतील तर आणखी ३ वजा करून प्रत्येकी −१३८. संदर्भ सोर्स १० डेसिबलनं चांगला असेल, तर ही शेवटची वजाबाकी करू नका. या दोन तिनांची गल्लत फार होते, म्हणून मी ते कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहितो.

६. दुसरा सोर्सच नसेल तर

एकाच सोर्सचे दोन भाग करा, एक सरळ मिक्सरला, दुसरा लांब केबलमधून. उशिरा आलेली लहर स्वतःच्याच जुन्या रूपाशी ताडली जाते. सरकणाऱ्या, लॉक न होणाऱ्या ऑसिलेटरसाठी ही डिले लाइन पद्धत चांगली. पण कॅरिअरच्या जवळ तिची संवेदनशीलता झपाट्यानं घटते, आणि डिलेच्या व्यस्त फ्रिक्वेन्सीला ती आंधळी होते: ५०० नॅनोसेकंदांच्या केबलला २ मेगाहर्ट्झवर काहीच दिसत नाही. केबल लांबवली की संवेदनशीलता वाढते आणि सिग्नलही खंगतो, त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो. स्वच्छ क्रिस्टल ऑसिलेटरसाठी मी ही वापरणार नाही.

७. क्रॉस-कोरिलेशन

तुमचा सोर्स तुमच्या संदर्भापेक्षा चांगला असेल तर? सिग्नलचे दोन भाग करा आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संदर्भ, स्वतंत्र मिक्सर, स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरमधून न्या. दोन्ही वाटांवर सोर्सचा नॉइज सारखाच असतो, यंत्राचा मात्र वेगवेगळा. दोन्हींचा क्रॉस-स्पेक्ट्रम, म्हणजे दोन्हींत सामाईक असलेला भाग दाखवणारा स्पेक्ट्रम, काढून सरासरी करत गेलात, की यंत्राचा भाग हळूहळू विरतो आणि सोर्सचा टिकतो. आजचे चांगले फेज नॉइज अ‍ॅनालायझर याच तत्त्वावर चालतात. काही यंत्रं मिक्सरऐवजी सिग्नल थेट डिजिटल करून फेज गणितानं काढतात, त्यांत लॉक करण्याची कटकट नसते.

फायदा ५ लॉग एन डेसिबल, एन म्हणजे सरासरीची संख्या. १०० सरासरींना १० डेसिबल, १०,००० ला २०. ही किंमत वेळेत मोजावी लागते. १ हर्ट्झ रिझोल्यूशनला प्रत्येक वाचन सुमारे १ सेकंद घेतं, म्हणजे २० डेसिबलसाठी पावणेतीन तास. ३० डेसिबल हवे असतील तर दहा लाख वाचनं, साडेअकरा दिवस. म्हणून आधी संदर्भ सुधारा, मग सरासरी वाढवा.

सरासरी पुरेशी झाली का, हे ओळखायचं कसं? संख्या दहापट करा. आलेख ५ डेसिबल खाली गेला, तर अजून यंत्रच दिसतंय. जागेवर थांबला, तर बहुधा सोर्स सापडला.

“बहुधा” म्हणण्यामागे कारण आहे. सिग्नल दोन भागांत वाटणाऱ्या स्प्लिटरच्या आतल्या रेझिस्टरचा औष्णिक नॉइज दोन्ही वाटांवर उलट्या चिन्हानं पोचतो. तो सोर्सच्या औष्णिक नॉइजला खोडतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. कधी आलेखात अचानक खोल खड्डा पडतो. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा परिणाम स्पष्टपणे मांडला. औष्णिक तळाजवळचे सोर्स मोजताना हे हमखास लक्षात ठेवा. पहिल्या पायरीत लिहिलेला −१७७ चा आकडा इथे कामी येतो.

८. आलेख वाचा

डी. बी. लीसन यांनी १९६६ मध्ये ऑसिलेटरच्या नॉइजचं साधं मॉडेल मांडलं, आणि आजही पहिलं वाचन त्याच्याच नजरेनं होतं. दूरवर सपाट तळ, तो अ‍ॅम्प्लिफायरचा पांढरा (सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारखा) नॉइज. आत येताना दशकाला १० डेसिबल चढ दिसला तर फेजमधला फ्लिकर (कमी फ्रिक्वेन्सीला वाढत जाणारा) नॉइज, २० असेल तर फ्रिक्वेन्सीतला पांढरा नॉइज, ३० असेल तर फ्रिक्वेन्सीतला फ्लिकर. उतार कुठे बदलतो त्यावरून रेझोनेटरच्या गुणवत्तेचा अंदाज येतो. उतार यांपैकी कुठल्याच साच्यात बसत नसेल, विशेषतः मधेच फुगवटा असेल, तर तो बहुतेक कुठल्यातरी लूपचा असतो: सिंथेसायझरच्या, नाहीतर तुमच्याच.

टोकदार रेघा वेगळ्या मोजा. त्यांना १ हर्ट्झच्या पट्टीचा हिशेब लागू नाही, त्या डीबीसीमध्येच सांगायच्या. वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीत रेघा असतील तर ग्राउंड लूप किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर शोधा. यंत्रं रेघा आपोआप गाळतात. मी ते गाळणं आधी बंद करून एकदा कच्चा आलेख पाहतोच.

जिटर, म्हणजे लहरीची वेळेतली एकूण थरथर, हवा असेल तर आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा. १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक, १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ सपाट −१५०. १० चा उणे पंधरावा घात, गुणिले दोन कोटी हर्ट्झ, गुणिले दोन बाजू: ४ गुणिले १० चा उणे आठवा घात. वर्गमूळ ०.०००२ रेडियन, कॅरिअरच्या कोनीय वेगानं भागलं की ०.३२ पिकोसेकंद. यात जवळजवळ सगळा वाटा दूरच्या सपाट तळाचा आहे. अशा क्लॉकसाठी १०० हर्ट्झजवळचे आकडे सुधारण्यात आठवडा घालवू नका. रडारमध्ये मंद चालणारं लक्ष्य शोधायचं असेल, तर मात्र जवळचे ऑफसेटच सगळं ठरवतात.

आलेख जपून ठेवताना त्यासोबत कॅरिअरची पातळी, सरासरीची संख्या, लूपची बँडविड्थ, संदर्भ सोर्स कोणता, सप्लाय कोणता आणि सोर्स किती वेळ तापला होता हेही लिहा. आणि त्याच पानावर, त्याच स्केलवर, यंत्राच्या तळाचा आलेख चिकटवा.